जावक क्रमांक एकशे चौदा

मी परवानगी मागितली, तिथंच सगळं बिघडलं. न मागता काम उरकलं असतं, तर बद्रीशेठचं दुकान आजही चालू असतं. आमच्या भागात माणसं न मागता काय काय नेतात. वाळू नेतात, गायरान नेतात, दुसऱ्याच्या नावचं घरकुल नेतात, त्यांचं कुणी वाकडं केलेलं मी पाहिलेलं नाही. मी मात्र एका पुस्तकासाठी रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं.

हे मी पश्चात्ताप म्हणून लिहीत नाही. पश्चात्तापानं माणसाला थोडं हलकं वाटतं म्हणतात. मला हलकं वाटावं असं मी काही केलेलं नाही, आणि त्यामुळं मला दुसऱ्या कुणापेक्षा स्वतःचीच चीड जास्त येते.

मी रखमाजी. काकासाहेबांच्या संस्थेच्या कला महाविद्यालयात सत्त्याऐंशीपासून ग्रंथपाल. जाफराबादहून जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव, गावाबाहेर कॉलेज, आणि कॉलेजच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या एका हॉलमध्ये ग्रंथालय. सात कपाटं, त्यातल्या दोन कपाटांच्या किल्ल्या हरवलेल्या. पण आवक-जावक रजिस्टर असं, की विद्यापीठाच्या समितीनं त्यावर "नीटनेटके" असा शेरा लिहून दिला होता. तो शेरा मी आल्यागेल्याला दाखवायचो. माझी बायको उषा म्हणायची, "तुमी मेल्यावर यमाला बी आधी आवक नंबर टाकायला लावसाल." तिचं बरोबर होतं. कागद नीट ठेवला की माणूस सुरक्षित राहतो, असा माझा समज होता.

दोन हजार एकच्या जूनमध्ये बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम बदलला. समाजशास्त्राच्या एका पेपरला एकच मराठी पुस्तक लावलेलं, पुण्याच्या एका प्रकाशकाचं. जालन्याच्या दुकानात विचारलं, औरंगाबादला विचारलं, सगळीकडे एकच उत्तर. आवृत्ती संपली, नवी केव्हा निघेल सांगता येत नाही. ग्रंथालयात दोन प्रती होत्या आणि वर्गात त्रेसष्ट जणं. त्यातल्या निम्म्या बाया लग्न झालेल्या, कुणी अंगणवाडीत, कुणी शिवणकाम करणाऱ्या. हसनाबादची तुळजाबाई तर दोन जीपा बदलून यायची आणि पुस्तक बाहेर गेलेलं ऐकून तशीच परत जायची. एकदा ती मला म्हणाली, "सर, पुस्तकाचं तोंड तरी दाखवा, देवासारखं दर्शन घेऊन जाते." सगळे हसले. मीही हसलो, पण मला लाज वाटली.

मार्ग एकच होता, झेरॉक्स. आणि गावात झेरॉक्सचं मशीन एकाकडेच होतं, बद्रीनारायणशेठकडे.

आमच्या गावात मारवाड्यांची तीन घरं. बद्रीशेठच्या आजोबांनी निजामाच्या काळात इथं किराणा घातला. बद्रीशेठनं चौऱ्याण्णव साली किराणा धाकट्या भावाला दिला आणि स्टँडजवळच्या गाळ्यात जुनं झेरॉक्स मशीन आणून बसवलं. सातबारा, जातीचा दाखला, राशन कार्ड, असली कामं. साठीकडे झुकलेला, किडकिडीत माणूस. कागद काचेवर असा दोन्ही हातांनी ठेवायचा, जसं झोपलेलं लेकरू ठेवतात. उताऱ्याची कड जरा तिरपी आली तरी तो कागद बाजूला टाकायचा आणि दुसरा काढून द्यायचा, पैसे एकाचेच. किराण्यातला जुना काटा त्यानं गाळ्यात जपून ठेवला होता. गावात दुसऱ्या कुणाच्या वजनमापावर वाद झाला, की लोक म्हणायचे, "चल, बद्रीशेठच्या काट्यावर घालू." ही त्याची कमाई होती आणि ती त्याला ठाऊक होती.

अख्खं पुस्तक मात्र तो काढून द्यायचा नाही. चार पानं, दहा पानं, हो. पुस्तक घेऊन कुणी आलं की म्हणायचा, "ज्यानं छापलं त्याच्या पोटाचं हाय त्ये. मला जमायचं न्हाई." मुलं चिडायची, जाफराबादला जायची, तिथं कुणी काही न विचारता काढून द्यायचा. पण त्या वर्षी जाफराबादवाल्याचं मशीन बंद पडलेलं, आणि एवढ्या बायांनी जालन्याला खेटे घालायचे कसे?

मी त्याच्याकडे गेलो.

"त्रेसष्ट कापी?" तो म्हणाला. "सर, ह्ये चार पानांचं काम न्हाई. अख्खं पुस्तक हाय."

"शिकणाऱ्यांसाठी आहे शेठ. पुस्तक बाजारात मिळतच नाही."

"त्ये खरं हाय. पण ज्याचं हाय त्याला इचारलं का?"

"विचारतो ना. रीतसर पत्र लिहितो."

"मंग झालं तर. तुमचा कागद असला की मला बिलकुल फिकीर न्हाई. तुमी लिहा, मी मशीन साफ करून ठेवतो."

नऊ ऑगस्टला मी पत्र लिहिलं. जावक क्रमांक एकशे चौदा. आपले पुस्तक उपलब्ध नसल्याने, केवळ विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी, त्रेसष्ट छायाप्रती काढण्यास परवानगी मिळावी, आपण ठरवाल ते शुल्क देण्यास तयार आहोत, वगैरे. प्राचार्यांची सही घेतली. त्यांनी न वाचताच सही केली, ते सगळ्यावरच न वाचता सही करायचे. पोच असलेलं रजिस्टर पोस्ट केलं. बारा दिवसांनी पोचपावती परत आली, त्यावर पुण्याच्या कुणाची तरी झोकदार सही. उत्तर मात्र नाही. मी तीन आठवडे वाट पाहिली.

आता इथं मला आमच्या गावची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर मी पुढं काय केलं ते तुम्हाला मूर्खपणाचं वाटेल. मूर्खपणाचं होतंच, पण बिनबुडाचं नव्हतं.

आमच्याकडे दुसऱ्याच्या रानातली बोरं घ्यायची, हुरड्याची चार कणसं घ्यायची, बैल आडला तर पेंढीभर कडबा घ्यायचा, तर बांधावर उभं राहून मालकाच्या नावानं हाळी द्यायची. "सर्जेराव, घेऊन राह्यलो हो!" सर्जेराव रानात असो, की तिकडं राजूरला गणपतीला गेलेला असो. हाळी दिली, थोडं थांबलं, तिकडून "नको" आलं नाही, की घ्यायचं. माझा बाप सांगायचा, "हाळी दिली त्यो चोर न्हाई. गुपचूप घेतलं त्यो चोर." या रीतीवर गाव दोनशे वर्षं चाललं असेल. त्यावरून कधी भांडण झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

तर मी पुण्याला हाळी दिली होती. ती पोचल्याची पावती माझ्याकडे होती. तीन आठवडे "नको" आलं नाही.

त्यावर मी आणखी एक शहाणपणा केला. जालन्याहून रबरी शिक्का करून आणला. वर कॉलेजचं नाव, खाली "प्रकाशकास कळविले आहे", आणि त्याखाली "जा. क्र." असं लिहून पुढं रिकामी जागा. म्हटलं, उद्या कुणी विचारलं तर प्रत्येक प्रतीवर पुरावा असावा. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यातला मी नव्हतो. बद्रीशेठला शिक्का दाखवला तेव्हा तो इतका खूश झाला, की त्यानं चहा मागवला.

"आता कसं बराबर झालं," तो म्हणाला. "आता कुणाच्या बापाला भ्यायचं कारण न्हाई."

बारा दिवस काम चाललं. जुनं मशीन, चाळीस पानं झाली की तापायचं. मग तो पंखा त्याच्याकडे वळवायचा आणि स्वतः घामाघूम होऊन बाहेर ओट्यावर बसायचा. त्याची बायको चंदनबाई आतल्या खोलीत पानांचे गठ्ठे लावायची, कडा जुळवायची, निळ्या पुठ्ठ्यात टाके घालायची. प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर शिक्का मी मारला, प्रत्येक शिक्क्यापुढं माझ्या हातानं एकशे चौदा लिहिलं. वीसेक प्रती पहिल्या आठवड्यातच मुलींनी नेल्या. तुळजाबाईनं तिची प्रत पदराखाली घेतली आणि म्हणाली, "सर, आता नापास झाले तर माझी चूक." मला त्या आठवड्यात स्वतःचा फार अभिमान वाटत होता. तसा अभिमान पुन्हा कधी वाटला नाही.

सप्टेंबरच्या सव्वीस तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला स्टँडवर पोलिसांची जीप आली, मागं एक टेम्पो. मी ग्रंथालयात होतो. कुणीतरी सांगितलं, बद्रीशेठच्या दुकानात पोलीस घुसले. मी तसाच पळत गेलो.

दुकानात दोन पोलीस आणि पुण्याचा एक माणूस उभा. पस्तिशीचा, स्वच्छ कपड्यांचा, आवाज अजिबात न चढवणारा. उरलेल्या त्रेचाळीस प्रती टेबलावर रचलेल्या. तो प्रत्येक प्रत उघडत होता, माझा शिक्का बघत होता आणि कागदावर खूण करत होता. गर्दी जमलेली. बद्रीशेठ कोपऱ्यात हात जोडून उभा होता, पण घाबरलेला नव्हता. मला बघितल्यावर त्याचं तोंड उजळलं.

"आले बघा आमचे सर," तो पोलिसाला म्हणाला. "आता त्ये सांगतील तुमाला सगळं बराबर."

मी पुण्याच्या माणसाला म्हणालो, "साहेब, काहीतरी गैरसमज झालाय. आम्ही तुम्हाला पत्र पाठवलेलं आहे. नऊ ऑगस्टला."

"मिळालं ना," तो म्हणाला. "पत्र मिळालं म्हणून तर आलो. नाहीतर तुमचं गाव आम्हाला कुठं माहीत होतं?"

"मग उत्तर का नाही दिलं?"

"उत्तर तयार होत होतं. परवानगी मागितलीत हे चांगलंच केलंत. पण मागितल्यावर मिळेपर्यंत थांबायचं असतं."

"आम्ही तीन आठवडे थांबलो."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. त्याला मी बनेल वाटलो की वेडा, ते त्याचं ठरेना. "तीन आठवडे थांबलात म्हणजे काय झालं? अशा कामाला परवाना लागतो. लेखी लागतो. बोललो नाही म्हणजे हो, असं कुठल्या कायद्यात आहे?"

आमच्यात आहे, असं मी म्हणणार होतो. पण दोन पोलीस, गर्दी, तो इस्त्रीचा शर्ट बघून मी ते मनातच ठेवलं.

पंचनामा झाला. चौघांनी मशीन उचलून टेम्पोत चढवलं. चंदनबाईनं त्या मशीनला जुन्या लुगड्याचं आवरण शिवलं होतं, ते घेऊन ती टेम्पोमागं धावली. "आवो, ह्ये टाका त्याच्यावर, धूळ बसंल," असं म्हणत तिनं ते आत फेकलं. एक पोलीस हसला. बद्रीशेठला जीपमध्ये बसवताना तो मला म्हणाला, "सर, तुमी मागून या. रजिस्टर घेऊन या, म्हंजे काम जल्दी हुईल."

मी रजिस्टर घ्यायला कॉलेजात गेलो. ग्रंथालयाच्या दारातच प्राचार्य उभे होते. म्हणाले, काकासाहेबांनी बोलावलंय.

काकासाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष. शब्द मोजून बोलणारे. त्यांच्या पुढ्यात माझा शिक्का आधीच आणून ठेवलेला होता.

"रखमाजी, ह्यो शिक्का कुणाचा?"

"माझा. म्हणजे ग्रंथालयाचा."

"कुठं आसतो?"

"माझ्या टेबलावर."

"टेबलावर. म्हंजे कुणीबी उचलावा आन मारावा. बराबर हाय ना?"

मी प्राचार्यांकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते, बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"आन बद्रीशेठ?" मी विचारलं.

"त्याला वकील देऊ आपण. त्याची फिकीर तुमी नका करू. संस्थेचं नाव कोर्टात गेलं तर अनुदान बंद हुईल, मंग तुमचा पगार बी बंद आन ह्यांचा बी. तुमी आज ठाण्यात जबाब द्यायचा. शिक्का कुणी मारला मला म्हाईत न्हाई. कॉलेजनं कापी काढायला सांगितल्या न्हाईत. दोनच वाक्यं."

मी दिली ती दोन वाक्यं. मी नाही म्हणू शकत होतो. नोकरी गेली असती, घरची चार एकर कोरडवाहू होती, मेलो नसतो. भीती वाटली म्हणून दिली, त्याला दुसरं कारण नाही. ठाण्यात बद्रीशेठ पलीकडच्या खोलीत होता. मी लिहून दिलं आणि त्याला न भेटता बाहेर पडलो.

पुढच्या आठवड्यात काकासाहेब स्वतः पुण्याला जाऊन आले. संस्थेनं दरवर्षी त्या प्रकाशकाची दोनशे पुस्तकं घ्यायची, आणि त्यांनी तक्रारीतून कॉलेजचं नाव सोडायचं, असं ठरलं. माझं मूळ पत्र काकासाहेबांच्या खिशातून परत आलं. पण पोलिसांत गेलेली केस आता सरकारची झाली होती, ती मागं घेता येत नव्हती. म्हणजे केस राहिली आणि तिच्यात एकटा बद्रीशेठ राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं चोर कुणी नव्हताच, तरी फाशी संन्याशालाच.

जावक रजिस्टरही राहिलं होतं. ते मीच नव्यानं लिहिलं. जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंतचं सगळं, माझ्याच सुवाच्य अक्षरात. एकसारखं दिसू नये म्हणून तीन वेगवेगळी पेनं वापरली, दोन पानांवर चहाचे डाग पाडले. एकशे चौदा नंबरला लिहिलं, "ग्रंथालयातील पंख्याच्या दुरुस्तीबाबत." जुनं रजिस्टर प्राचार्य घेऊन गेले. समितीचा "नीटनेटके" हा शेरा जुन्यात होता, तोही गेला.

बद्रीशेठ तिसऱ्या दिवशी जामिनावर सुटून आला. वकील त्यानं स्वतःच लावला, संस्थेचा कुणी फिरकला नाही. मला वाटलं, आता हा माझ्या दारात येऊन शिव्या देईल. तो आला, पण बसला, पाणी प्यायला.

"सर, मला मशीन नको," तो म्हणाला. "दंड बी भरतो. पण लोक म्हणून राह्यले, शेठ चोरून पुस्तकं छापत व्हता. साठ वर्सांत आमच्या दुकानाला कुणी असं बोललं न्हवतं. पोलिसांनी साक्षीदारांत तुमचं नाव टाकलंय. तुमचा नंबर आला की येवढंच सांगा, का बद्रीनं इचारून केलं. चोरून न्हाई केलं. येवढं एक कोर्टात झालं की मला बाकी काही नको."

"सांगतो शेठ," मी म्हणालो.

माझा जबाब त्याला ठाऊक नाही, असं मी धरून चाललो होतो.

मग तारखा सुरू झाल्या. जाफराबादचं कोर्ट. कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी पुण्याचा माणूस गैरहजर, कधी समन्स पोचलेलं नाही. बद्रीशेठ प्रत्येक तारखेला धुतलेलं धोतर नेसून जायचा आणि परत येताना माझ्याकडे डोकवायचा. "पुढली तारीख पडली. तुमचा नंबर अजून आला न्हाई." मी म्हणायचो, "आला की सांगतो." असं अडीच वर्षं. अडीच वर्षांत मी किती वेळा "सांगतो" म्हणालो असेन, देव जाणे.

त्या काळात मी एक प्रयत्न केला, तोही सांगून टाकतो. परवाना म्हणून खरंच काही असतं, दिल्लीत एक संस्था तो देते, असं एका मासिकात वाचलं. घरच्या पत्त्यावरून त्यांना लिहिलं. मनात होतं, निदान यापुढं तरी बद्रीशेठला रीतसर कागद मिळावा. चार महिन्यांनी इंग्रजीत उत्तर आलं. सोबत सहा पानांचा अर्ज आणि प्रकाशकांची यादी. त्या यादीत आमचा पुण्याचा प्रकाशक नव्हता. मराठीतलं माझ्या ओळखीचं एकही नाव नव्हतं. ते पत्र मी बद्रीशेठला वाचून दाखवलं.

"म्हंजे कागद मागायचा तर द्यायला बी कुणी न्हाई?" तो म्हणाला.

"तसंच दिसतंय."

"मंग त्या पुण्यावाल्यानं परवाना परवाना कशाला केलं?"



त्याचा गाळा रिकामाच होता. तिथं त्यानं वह्या-पेनं ठेवून पाहिली, चालली नाहीत. लोक त्याच्या काट्याचं नाव काढेनासे झाले. कुणी मुद्दाम वाईट वागलं नाही, पण वजनावर वाद झाला की आता दुसऱ्याच दुकानाचं नाव निघायचं. चंदनबाई देवळात जायची बंद झाली. मशीन ठाण्याच्या आवारात लिंबाखाली पडलं होतं. मी एकदा जाता जाता बघितलं, लुगड्याचं आवरण फाटून लोंबत होतं आणि आत पावसाचं पाणी साचलं होतं. पोलिसांनी नेलेल्या प्रतीही तिथंच कुठंतरी कुजल्या. परीक्षेत त्रेसष्टांपैकी चाळीस जण त्या पेपरात नापास झाले. तुळजाबाई पास झाली. पेढे घेऊन आली तेव्हा मी तिला बद्रीशेठकडे पाठवलं नाही, मला तोंड नव्हतं.

दोन हजार तीनच्या जानेवारीत संस्थेनं ग्रंथालयात नवं झेरॉक्स मशीन बसवलं. काकासाहेबांनी नारळ फोडला. मशीन माझ्या ताब्यात. मुलं अख्खी पुस्तकं आणतात, मी अख्खी काढून देतो. पुण्याच्या त्याच प्रकाशकाचीही, ज्यांची दोनशे पुस्तकं आम्ही दरसाल घेतो आणि कपाटात कुलूप लावून ठेवतो. कुणी विचारत नाही. मीही कुणाला विचारत नाही, शिक्काही मारत नाही. अजून एकही जीप आलेली नाही.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत माझं समन्स आलं.

सकाळी निघताना उषानं विचारलं, "काय सांगसाल?" मी म्हणालो, "बघू." तिनं डब्यात दोन भाकरी जास्त घातल्या. "बद्रीशेठला बी द्या," म्हणाली. कोर्टाच्या व्हरांड्यात काकासाहेबांचा माणूस आधीच येऊन बसलेला होता. त्यानं मला नमस्कार केला, बाकी काही केलं नाही. त्याला काही करायची गरजही नव्हती.

पुण्याच्या माणसाची साक्ष आधी झाली. त्यानं शिक्का मारलेली एक प्रत दाखवली. त्यानंतर माझं नाव पुकारणार होते. बद्रीशेठ आरोपीच्या जागी उभा होता. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागलो.

तेवढ्यात तो हात जोडून म्हणाला, "साहेब, मला बोलायचंय. गुन्हा कबूल हाय मला."

त्याचा वकील दचकला, त्याची बाही ओढायला लागला. साहेबांनी विचारलं, "विचार करून बोलताय का? कुणाचा दबाव आहे?"

"न्हाई साहेब. बिलकुल न्हाई."

"आणि हा कॉलेजचा शिक्का?"

"त्यो बी मीच मारला. सरांचा त्यात काही संबंध न्हाई."

मी उठून उभं राहायला हवं होतं. बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा होती, मला कुणी धरून ठेवलेलं नव्हतं. मी बसून राहिलो. वय आणि पहिलाच गुन्हा बघून साहेबांनी दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा दिली. बद्रीशेठ संध्याकाळी पाचपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिला, शिपायाच्या शेजारी. मी बाहेर थांबलो. डबा तसाच राहिला.

पाचला तो बाहेर आला. आम्ही जीपच्या थांब्यापर्यंत चालत गेलो. मला राहवेना.

"शेठ, काहून केलं असं? माझी साक्ष तर होऊ द्यायची होती. तुम्हीच म्हणत होतात..."

"सर," तो म्हणाला, "तुमचा ठाण्यातला जबाब वकिलानं मला पयल्याच तारखेला वाचून दाखविला व्हता."

"अडीच वर्षं? मग मला एकदाही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? मला वाटलं, ठाण्यात भ्याला असाल. पोलिसांपुढं कुणीबी भितं. कोर्टात उभं राह्यलं की सांगसाल." त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं. "म्हून दर तारखेला तुमच्याकडं येत व्हतो. तुमाला भेटून घेत व्हतो. आज तुमच्या तोंडाकडं बघितलं. तुमचा नंबर पुढं व्हता. तुमच्या तोंडून मला त्ये ऐकायचं न्हवतं."

जीप आली. आत एकच जागा होती. बद्रीशेठ आत चढला, अंग चोरून बसला आणि त्यानं बाजूला दीड वीत जागा केली. "या सर, बसताल," तो म्हणाला. मी बसलो. गाव येईपर्यंत त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.

मी त्या सकाळी खोटंच बोलायचं ठरवून घरून निघालो होतो.